बाईचं हल्यादळ

बाई, चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे. त्यावर तुझ्या नावाआधी 'प्रेमळ, मायाळू, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या' असं छापलंय. मजकूर माझा नाही. फ्लेक्सवाल्याकडे तो तयारच असतो, फोटो तेवढा बदलतो. मी त्याच्या दुकानात उभा राहून ते वाचलं आणि मला हसू आलं. त्याला वाटलं, बहिणीच्या जाण्यानं माणसाचं डोकं सरकलं. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. आता त्याला काय सांगायचं? की फोटोत डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या या मायाळू बाईनं मागच्या पावसाळ्यात एका रविवारी, चहा उकळेपर्यंत, अख्खी फौज जनावरांसकट तलावात बुडवली आणि मग पोरांना विचारलं, "बिस्किट कोनाकोनाले पायजे?"

तेरवीला तुझ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं खूप आली. एकटीनं शेती कशी केलीस, लेकीला, नंदाला, कशी वाढवलीस, सगळं निघालं. गाळदेशाबद्दल कुणी बोललं नाही. बोलणार कसं? धानाची शेती करणारी म्हातारी आणि गोंदियात मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवणारा तिचा पन्नाशीतला भाऊ मिळून लहानपणापासून एक खोटा मुलूख चालवतात, त्यात खोट्या फौजा लढवतात आणि त्यापायी महिनामहिना एकमेकांशी खरोखरचं बोलत नाहीत, ही पंगतीत सांगायची गोष्ट नव्हे. म्हणून इथं लिहितो.

सुरुवात तान्ह्या पोळ्याला झाली. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा. सगळी पोट्टी आपापले लाकडी नंदी सजवून गावातून ओढत न्यायची. आपल्या नंदीला तीनच चाकं होती, त्यामुळे तो जाईल तिथं वाकून नमस्कार करायचा. पोट्टी हसली. तू तडक घरी आलीस, तलावाच्या कडेचा गाळ आणलास, मुठीएवढा माणूस केलास आणि नंदीच्या मानेवर बसवलास.

"हा कोन?" मी विचारलं.

"स्वार."

"कुठं जाऊन राहिला?"

"मराले."

मी रडलो. तू मला दुसरा स्वार करून दिलास. तोही मेला. गाळदेशाचा इतिहास तिथून आजवर याच चालीनं चालला आहे: मी रडायचं आणि तू नवा करून द्यायचा.

स्वार झाला, पण त्यानं बसायचं कशावर? घोडा आपल्याला ठाऊकच नव्हता. आपल्या घराण्यानं पिढ्यान्पिढ्या तलाव बांधले, त्यांच्या पाळी म्हणजे बांध घातले, पाणी वावरात नेलं. त्यात घोड्याचं काय काम? खानदानात घोड्यावर बसलेला माणूस एकच, मी, तोही लग्नात, भाड्याच्या घोडीवर, आणि मंडपापर्यंत टिकलो असंही नाही. बँड वाजायला लागला आणि मी घाबरून तिचे कान धरले. घोडीवाला म्हणाला, "भैया, घोडी है, स्कूटर नहीं. कान छोडो." मी कान सोडले आणि लगेच घोडीही सोडली. तू वरातीत पुढंच होतीस. मला उचलायच्या आधी तू नवरीकडच्यांकडे वळून शांतपणे सांगितलंस, "आमच्यात असंच उतरतेत." तोवर गाळदेशात घोड्याची जागा मोकळी होती. त्या दिवशी तू ती कायमची बंद केलीस.

उरला हल्या. चिखलणीला बैल दमतो तिथं रेडाच चालतो, आणि आपल्याकडं रेड्याला हल्या म्हणतात. गाळदेशाच्या पहिल्या स्वारांना तू हल्याच्या उघड्या पाठीवर बसवलंस, हातात बांबू दिलेस आणि पठारावरच्या शत्रूवर सोडलंस. पठारवाले रोह्यांवर बसायचे. जंगलातली ती नीलगाय, निळसर, लांब पायांची रोही, वाऱ्यासारखी पळणारी. दिवस उन्हाळ्याचे. वाटेत तलाव लागला. सगळे हल्ये पाण्यात जाऊन बसले ते उठेचनात. स्वार गळ्यापर्यंत पाण्यात, आणि पाळीवर पठारवाले, निवांत भाले परजत.

"शरण जाऊ दे ना त्यांना," मी म्हणालो.

"शरन गेल्यानं हल्या उठते का?"

पहिली पिढी अशी संपली. लढाई अशी झालीच नाही.

दुसऱ्या पिढीला तू चिलखत दिलंस. हल्या चिखलात लोळतो, चिखल अंगावर वाळतो, मग गोमाशीला चावता येत नाही. तर बाण काऊन शिरंल? धानाच्या पेंढ्याचे, तणसाचे तुकडे घालून चिखल तुडवायचा, भिंत लिंपतात तसे हल्याला थरावर थर द्यायचे आणि त्याला उन्हात उभा करायचा. नंदा तेव्हा लहान होती. ती तोंडात बोट घालून ऐकायची. पठारवाल्यांचे बाण त्या चिखलात रुतून बसले, आणि एक दुपारभर आपण जिंकत होतो. मग तू पाऊस पाडलास. चिलखत पोटऱ्यांवरून ओघळलं, आणि हल्ये नुकत्याच आंघोळ घातलेल्या पोरांसारखे काळेभोर, स्वच्छ उभे राहिले, समोर भाले. नंदा म्हणाली, "आई, पाऊस थांबव ना." तू म्हणालीस, "पाऊस माया बापाचा हाये का?"

तिसऱ्या पिढीत आपण दोघांनी मिळून जी चूक केली, ती धानाची शेती करणारीच माणसं करू शकतात. आपल्या लेखी जनावराचं बळ खांद्यात असतं, कारण जू तिथं येतं. म्हणून आपला जड स्वार एका जनावराचा नव्हता, जोडीचा होता. दोन हल्ये, वर जू, मागं चिखल सपाट करायचा लाकडी पाटा, आणि पाट्यावर पाय रोवून उभा स्वार. लढाईच्या दिवशी तलावाचं तुडुम, पाण्याचं दार, उघडून पाणी धानाच्या बांध्यांमध्ये सोडायचं. रोह्याचे बारीक खूर चिखलात रुततात, हल्याचा पसरट पाय चालतो, पाटा घसरत जातो. काय थाट होता बाई तो. एका रांगेत साठ-सत्तर जोड्या चिखल उडवत निघाल्या की माझ्या अंगावर काटा यायचा. पाठीवर बसायचं, ही कल्पना आपल्याला पुन्हा शिवली नाही.

नंदा कॉलेजात गेली तेव्हा तिनंच सांगितलं. "आई, मामा, जगात सगळीकडं पाठीवर खोगीर घालतात. पाय अडकवायला रिकीब असते. मग स्वार जोरात भाला मारतो आणि पडत नाही."

तू माझ्याकडं वळलीस. "लहानू, तू दिवसभर काय शिवत राहतं?"

"सीट कव्हर."

"जन्म गेला बसाच्या जागा शिवण्यात. आन तुले हे सुचलं नाही."

मी म्हणालो, मी फटफटीची शिवतो, हल्याचं माप कुणी आणून दिलं नाही. तू हसली नाहीस. म्हणालीस, "आपून वजन पाठीवर नाही टाकत. खांद्यावर टाकतो. ते खोगीर पठारवाल्यायले दे." आणि दिलंस खरंच. आपली अब्रू राहावी म्हणून तू शत्रूला खोगीर दिलंस, आणि तेव्हापासून ते आपल्याला जास्त चांगलं मारू लागले.

मग लोखंड आलं. नांगरांचे फाळ वितळवून तू हल्यांच्या कपाळावर, छातीवर पत्रे चढवलेस, स्वाराच्या अंगावर कड्या घातल्या. खरा जड स्वार तो. पण एका स्वाराला गावभरचे फाळ लागायचे, म्हणजे गावाची नांगरणी बसली. स्वाराच्या घरी पंगत, फाळ दिलेल्या घरी पेज. ही गोष्ट तू नंदाच्या चिऊला सांगत होतीस, फोनवर. मी तुझ्या बाजूला बसलो होतो.

चिऊनं विचारलं, "मग त्यांनी फाळ परत मागितले तर?"

"मांगतले. स्वारानं त्यायच्यावरून पाटा नेला."

फोन नंदानं घेतला. "आई, दहा वर्षांची आहे ती."

"मंग? दहा वर्षांच्या पोरीले खोटं सांगू?"

तुझं आणि माझं मुख्य भांडण इथंच. जोडीवर लोखंड चढलं की ती गाळात रुतते, उतरवलं की भाल्यानं मरते. मी म्हणायचो, लोखंड काढ, शंकरपटाच्या शर्यतीला जोड्या असतात तशा हलक्या जोड्या कर, आपणही पळू. तू म्हणायचीस, "पटाची जोडी वाळल्या जमिनीवर पयते. गाळात पयून दाखव." मी तह सुचवायचो, सोयरीक सुचवायचो. "तुया हातात लढाई देली का तिचं हळदीकुंकू होते," हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की माझ्या बायकोनंही उचललं, आणि ती ते घरच्या भांडणात वापरते.

आणि तुझा तो नियम. एक हल्या रुतला की स्वारानं पाट्यावरून पुढं वाकायचं, कमरेचा विळा काढायचा आणि रुतलेल्याची मान जुवाला बांधणारं जोतं कापायचं. तो जातो. दुसरा हल्या आणि स्वार वाचतात. लढाईच्या आदल्या दिवशी, पोळ्याला करतात तसंच, स्वार दोन्ही हल्यांचे खांदे लोणी-हळदीनं शेकायचा आणि आवतण द्यायचा, उद्या जेवायला या. उद्या कोण येणार नाही ते तुला ठाऊक असायचं. तू ताटं मात्र दोन मांडायला लावायचीस.

मी हा नियम कधी मान्य केला नाही. तू कधी सोडला नाहीस. आपल्यातलं खरं काय ते आपण दोघांनी कधी तोंडावर आणलं नाही, तेव्हा आता मीच आणतो. आपण लहान असताना बाबा तलावातला गाळ वावरात टाकायला खाचर, आपली बैलगाडी, घेऊन गेले होते. मधला गाळ वरून वाळलेला, खाली लोण्यासारखा. डावा बैल पोटापर्यंत गेला. लोक धावले, दोर लावले. तू घरून विळा घेऊन आलीस. परकर गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात विळा, अशी तू बाबांच्या पुढ्यात उभी होतीस.

"बाबा, कापू का?"

"हात नको लावू बाई. जोडी हाये."

दोन्ही बैल गेले. हळूहळू गेले, ऊन उतरेपर्यंत. उजवा शेवटपर्यंत वर होता. डाव्यानं त्याला ओढत नेलं. बाबांनी पुन्हा जोडी घेतली नाही, नांगरायला दुसऱ्यांना बोलवायचे आणि बांधावर पाठ करून बसायचे. त्यांचं चुकलं, असं तू कधी म्हणाली नाहीस. पण गाळदेशातल्या एकूणएक स्वाराच्या कमरेला तू विळा दिलास. मी मात्र बाबांच्या बाजूचा राहिलो. का, ते मला सांगता येत नाही. त्यांचा हात त्या बैलाच्या शिंगावर होता तो मी बघितला होता, एवढंच.

शेवटचा रविवार आठवतो. तुझ्या फुप्फुसात पाणी भरत होतं, एकदा काढलं की पुन्हा भरायचं. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं आणि मी आत येऊन तुला म्हणालो, "सुधारणा आहे म्हणतात." तू मास्क बाजूला केलास. "तुले खोटं बोलता येत नाही लहानू. म्हनूनच तुया गोष्टीत कोनी मरत नाही." मग म्हणालीस, "चिऊले फोन लाव."

मी फोन धरला. तू वाक्यावाक्याला थांबत होतीस. रंगी नावाची स्वार, तिची जोडी, उजवा शेरू आणि डावा मोतीराम. ही नावं माझी. नावं ठेवण्यापुरतं तू मला फौजेत घेतलं होतंस. पठारवाले हुलकावणी देत मागं सरले आणि रंगीची अख्खी रांग बांध्या ओलांडून तलावाच्या पोटात उतरली. मोतीराम खचला. आधी गुडघे, मग छातीचा पत्रा. रंगी पुढं वाकली. विळा काढला. मोतीरामनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"मग?" चिऊ म्हणाली.

तू हात वर केलास, थांब म्हणून. खोकला आला तो थांबेना. सिस्टर आली, मास्क चढला, फोन बंद झाला.

त्यानंतरचे दिवस मी रोज तुझ्या कानाशी विचारत होतो, "बाई, कापलं का?" मान हलवली असतीस तरी चाललं असतं. तू माझ्याकडं बघत राहायचीस, ते तुझं बारीक डोळ्यांचं बघणं, मी मूर्खासारखा काही बोललो की बघायचीस तसं. तुझ्यात दम नव्हता की तू मुद्दाम सांगितलं नाहीस, हे मला आता कुणीही सांगू शकत नाही. तुझा स्वभाव बघता मुद्दाम असावं. दुसरं काही मानवतच नाही.

तेरवीची पंगत उठली, पाहुणे गाड्या धरायला गेले. नंदानं मला सांदीत बोलावलं. "मामा, चिऊ तेव्हापासून एकच विचारून राहिली. तूच संपव आता. आणि ऐक, तिची आजी गेली आहे. तो हल्या तरी वाचव."

मला काय, आयतंच मिळालं. जन्मभर मी हेच मागत आलो होतो. मी अंगणात खाट टाकली, चिऊला तिच्यावर बसवलं आणि तुझ्या खुर्चीत न बसता सुरुवात केली.

"तर रंगीनं विळा परत कमरेला लावला."

चिऊचे डोळे बारीक झाले. तुझेच. "का?"

"तिला मोतीरामला सोडून जायचं नव्हतं. तिनं हाक मारली. बाजूच्या जोड्या थांबल्या. त्यांनी दोर टाकले."

"दोर ओढणारे कुठं उभे आहेत?"

"तिथंच. बाजूला."

"गाळात?"

"हो, म्हणजे... कडेला."

"कड लांब आहे आजोबा. आजीनं सांगितलं होतं. गाळात उभं राहून ओढलं की ओढणारा पण जातो."

"म्हणून तर त्यांनी फळ्या टाकल्या. फळ्यांवर उभे राहिले."

"फळ्या कुठून आणल्या?"

मी जरा विचार केला. "त्यांच्या पाट्यांच्या."

"मग ते स्वार कशावर उभे?"

"खाली उतरले."

"लोखंड घालून?"

दारात नंदा उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं मान खाली घातली. मी म्हणालो, लोखंड काढलं. चिऊ म्हणाली, मग पठारवाल्यांचे भाले? मी म्हणालो, मागच्या रांगेनं येऊन ढाली धरल्या. ती म्हणाली, मागची रांग पण आली का गाळात? बाई, तू हे आमच्या हाताशी काय देऊन गेलीस? मी एकेक जोडी पाठवत होतो आणि ती पोरगी एकेक बुडवत होती. आवाज चढवला नाही, रडली नाही. नुसतं विचारत होती, आणि दर वेळी बरोबर होती. मी शेरूला सोडवायला गेलो तर ती म्हणाली, "त्याचं जोतं कुणी कापलं? विळे तर सगळ्यांनी कमरेला लावले ना, रंगीचं बघून." मी लावले असं कुठंच म्हणालो नव्हतो. पण लावलेच असते. रंगीसारखी माणसं होती ती.

ऊन अंगणातून सरकलं तेव्हा रांगेतलं कुणी उरलं नव्हतं. पठारवाल्यांनी एक भाला फेकला नाही. ते पाळीवर उभं राहून बघत होते. तुझ्या कुठल्याही रविवारी इतकी माणसं मेली नव्हती.

"सगळे?" चिऊनं विचारलं.

"सगळे."

"रंगी पण?"

"तिचा हात मोतीरामच्या शिंगावर होता," मी म्हणालो. मला दुसरं काही आठवेना.

ती म्हणाली, "आजीनं एकच मारला असता."

आतून कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता. मला तुला सांगायचं होतं की तू बरोबर होतीस, आणि सांगायचं नव्हतंही. बाबांचा तो हात मी आजही चुकीचा म्हणू शकत नाही, सगळी फौज घालवून बसल्यावरही. हे भांडण आता माझ्याच पदरात आहे, समोर कुणी नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, पाह्य, केलंस ना हळदीकुंकू. म्हण ना. एवढं ऐकून मी गप्प बसेन.

चिऊ खाटेवरून उतरली, चपला शोधल्या. पुढची गाडी गाठायला गोंदियाची बस धरायची होती. जाताना माझ्यापाशी थांबली.

"रविवारी फोन करते. नवीन फौज करावी लागेल."

"करू ना," मी म्हणालो.

"तुम्ही जनावरांना नावं द्या फक्त. मारायचं मी बघते."

मी हो म्हणालो, बाई.